मानाचा रकाना

"बीड आठवं कसं काय?" साहेबांनी विचारलं.

सोमवारची आढावा बैठक होती. भिंतीवरच्या पडद्यावर मी केलेला तक्ता होता. डावीकडे जिल्ह्याचे अकरा तालुके आणि पुढे कामांचे आकडे. आकड्यांबद्दल कुणाचं काहीच म्हणणं नव्हतं. आकडे दर सोमवारी जवळजवळ तेच असतात, फार तर एखाद्या तालुक्याचा आकडा लाजेकाजेस्तव दोनाने हलतो. पण त्या सोमवारी तक्ता पहिल्यांदाच नव्या साधनातून निघाला होता. आता माहिती आपोआप येणार, बेरजा आपोआप होणार, रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की सगळं ओळीने लागणार, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी टिचकी मारली होती आणि सगळं ओळीने लागलंही होतं. अंबाजोगाई, आष्टी, केज, गेवराई, धारूर, परळी, पाटोदा, बीड, माजलगाव, वडवणी, शिरूर.

"सर, ते अकारविल्हे लागलंय," मी म्हणालो.

"कुणी लावलं?"

"साधनानं."

"कुठलं आहे हे साधन?"

बीडचं असतं तर त्याने असं केलं नसतं, हा त्या प्रश्नाचा अर्थ होता. शेजारी निवृत्तीला आलेले अव्वल कारकून बसले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते माझ्या कानाशी आले. "अरे बाबा, जिल्ह्याचं ठिकाण पहिलं. मग पाटोदा, आष्टी, गेवराई, माजलगाव असं फिरत जायचं. वडवणी अन् शिरूर शेवटी, ते तालुके मागून झाले. मागून आलेल्यानं पंगतीत कुठं बसायचं, हे काय मशीनला शिकवायचं का आता?"

अण्णांना तो क्रम पाढ्यासारखा पाठ होता. तक्त्याकडे न बघता सातवा आकडा कुठल्या तालुक्याचा हे ते सांगू शकत. एवढंच काय, पाऊस पडत असताना ते खिडकीतून बाहेर बघत याच क्रमाने बोलायचे, "बीडला झाला, पाटोद्याला झाला, आष्टीला नाही." वरुणराजाही त्यांच्या नमुन्यातच पडायचा. माझ्या टिचकीने त्यांची तीस वर्षांची नोकरी विस्कटली होती.

घरी येऊन मी विचार केला, की साधनाने काय चूक केली? बाराखडीपुढे सगळे सारखे. तिथे वशिला नाही, ज्येष्ठता नाही, आरक्षण नाही. यापेक्षा न्यायाचं दुसरं काय असणार? म्हणून तोच तक्ता मी इंग्रजीत लावून पाहिला. बीड एकदम तिसरं आलं. म्हणजे लिपी बदलली की आमचं बीड पाच पायऱ्या चढतं. पोरांना इंग्रजी माध्यमात का घालतात, ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी आष्टीचा फोन आला. तिथला ऑपरेटर माझा दोस्त आहे. म्हणाला, "आमचं नाव अंबाजोगाईच्या खाली का?" मी म्हणालो, अ आधी, आ नंतर. तो म्हणाला, "शाळेत काय शिकलास? अ, आ, इ, ई करत ओ, औ आणि मग अं, अः. अं शेवटून दुसरा. आष्टी पहिली पाहिजे." मुद्दा बिनतोड होता. शाळेतला अं हा स्वरांच्या शेपटीला असतो आणि यंत्रातला अं हा अ च्या डोक्यावर टिंब देऊन तयार होतो, म्हणून पहिला. मी अंबाजोगाईच्या बाजूने काही बोलणार तोच तो म्हणाला, "आणि निजामाच्या काळात त्याचं नाव मोमिनाबाद होतं. तेव्हा म मध्ये बसत होते ना गुपचूप?"

मोगलाईचा विषय निघालाच म्हणून मी अण्णांना विचारलं. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि दप्तर उर्दूत होतं. उर्दूत रकाने उजवीकडून डावीकडे. म्हणजे ज्याला आपण शेवटचा रकाना म्हणतो तो पहिला आणि शेरा लिहायची जागा डाव्या हाताला. वर्णमाला अलिफ, बे, पे. त्या हिशोबाने तालुके लावले तर अलिफची आष्टी पहिली, बे चं बीड दुसरं, आणि पे चे परळी-पाटोदा पाठोपाठ. "बघ," अण्णा म्हणाले, "निजामसुद्धा इतका वाईट नव्हता."

पण खरी गंमत पुढे होती. कार्यालयातल्या जुन्या फायली कृतिदेवमध्ये टंकलेल्या निघाल्या. ज्यांनी कृतिदेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यात पडद्यावर मराठी दिसतं, पण पोटात इंग्रजी कळाच असतात. ब म्हणजे आतून सी, क म्हणजे डी, म म्हणजे ई, अ म्हणजे व्ही, ग म्हणजे एक्स. शिरूरची पहिली वेलांटी म्हणजे एफ. आणि ध काढायचा तर आधी तिरपी रेघ मारावी लागते. आता यंत्र लावताना पोटातलं बघतं, आणि चिन्हं अक्षरांच्या आधी धरतं. त्यामुळे त्या फायलीला टिचकी मारताच जिल्ह्याची रचना अशी झाली: धारूर, बीड, केज, माजलगाव, शिरूर, परळी, पाटोदा, वडवणी, अंबाजोगाई, आष्टी आणि सगळ्यात शेवटी गेवराई. हा क्रम ना शाळेतला, ना निजामाचा, ना अण्णांचा. एका तिरप्या रेघेच्या जोरावर धारूर जिल्ह्यात पहिलं! किल्ला असूनही धारूरला असं यश गेल्या कित्येक वर्षांत मिळालं नसेल.

मग मला या क्रमांचा नादच लागला. सरकारकडे बीडसाठी किती नंबर असावेत? गाडीवर एमएच २३. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचा संकेतांक ५२३, त्या यादीची सुरुवात वायव्येच्या नंदुरबारपासून, ४९७ ने होते. दोन्हीकडे शेवटी तेवीस कसे, हे मी दोन ज्योतिषांना विचारलं, दोघांनी वेगवेगळी शांती सांगितली. लोकसभेचा मतदारसंघ क्रमांक ३९. विधानसभेला गेवराई २२८ पासून सुरुवात, मग माजलगाव २२९, बीड २३०, आष्टी २३१, केज २३२, परळी २३३. इथे गेवराई पहिली. कृतिदेवात शेवटची, विधानसभेत पहिली. गेवराईकरांनी तेवढ्यावर समाधान मानावं.

आणि २०२३ साली काय झालं, ते तर सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखं आहे. मराठवाड्याचे आठ जिल्हे इंग्रजीत लावले तर पहिला नंबर कायम औरंगाबादचा असायचा आणि दुसरा बीडचा. त्या वर्षी औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. औरंगाबाद ए मधून सी मध्ये गेलं. आणि बीड, काहीही न करता, एक फूट रस्ता न बांधता, एक टिपका पाऊस जास्त न पडता, मराठवाड्यात पहिलं आलं! एका इंग्रजी अहवालात मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लगेच त्याचा फोटो काढून आमच्या गटावर टाकला. अर्ध्या तासात सतरा जणांनी अभिनंदन केलं. एकाने विचारलं, "कशात?" त्याला गटातून काढावं अशी सूचना आली.

खरं तर यादीत वर असणं ही मानाची गोष्ट, असं आपण धरूनच चालतो. पण बाण वर आहे का खाली, हे आधी बघावं लागतं. रकान्याच्या डोक्यावर तो एवढासा बाण असतो, एकदा दाबला की चढता, दुसऱ्यांदा दाबला की उतरता. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचं प्रमाण चढत्या क्रमाने लावलं, तेव्हा महाराष्ट्रात बीड पहिलं होतं. हजार मुलांमागे ८०७ मुली. त्या तक्त्याचा फोटो कुणी गटावर टाकला नव्हता.

उलट पालख्यांचं बघा. आषाढीला वाखरीहून पंढरपुरात शिरताना ज्ञानोबा माउलींची पालखी सगळ्यांत शेवटी असते, आणि शेवट हाच तिथला थोर मान. माउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या मागे, प्रत्येकीचा नंबर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. कुठल्या दिंडीने कुठे चालायचं यासाठी कुणी बाराखडी काढत नाही. आमच्या जिल्ह्यातून पैठणहून नाथांची आणि मुक्ताईनगरहून मुक्ताईंची पालखी जाते, रस्त्याकडेच्या चहावाल्यालाही कोण कुणाच्या मागे हे ठाऊक असतं. सभेतही तेच. छोटा कार्यकर्ता आधी बोलतो, मोठा नेता शेवटी. फक्त बॅनरवर उलटं, मोठा नेता वर आणि वाढदिवस ज्याचा आहे तो मध्ये, सर्वांपेक्षा मोठा. बॅनरला कुठलाही बाण लागू होत नाही.

एवढं चिंतन झाल्यावर मी साधनात "कस्टम सॉर्ट" कुठे आहे ते शोधलं. म्हणजे यंत्राच्या मनाप्रमाणे नव्हे, आपल्या मनाप्रमाणे क्रम. एक्सेलमध्ये हे फार पूर्वीपासून आहे. वारांची आणि महिन्यांची यादी त्याच्या पोटात तयारच असते, रविवारनंतर सोमवार हे त्याला कळतं, आणि आपलीही एखादी यादी त्याला पाठ करायला देता येते. पण पोटातली ती यादी इंग्रजीतली. मराठी महिन्यांची नावं दिली की ते गप्प बसतं आणि बाराखडी धरतं. मग वर्ष असं लागतं: एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च, मे, सप्टेंबर. एप्रिल पहिला आल्यामुळे लेखा शाखेला वाटलं की सगळं बरोबर आहे. कृषीवाल्यांनी मात्र हात टेकले, कारण आलेखात पाऊस आधी ऑक्टोबरात पडत होता आणि मग ऑगस्टात. एक जण हळूच म्हणाला, "हल्ली तसाच तर पडतोय."

बरं, वर्ष सुरू कुठून करायचं, यावर तरी एकमत आहे का? लेखा शाखेचं वर्ष एप्रिलला. महसुलाचं १ ऑगस्टला. पावसाची मोजणी १ जूनपासून. शाळा जूनमध्ये. कारखान्याचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला. सालगड्याचं साल पाडव्याला फिरतं. आणि जिल्ह्यातल्या हजारो घरांचं वर्ष कोयता उचलून ट्रकमध्ये बसायच्या दिवशी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि त्याआधीच मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत निम्मं संपलेलंही असतं. जुन्या शेतकऱ्यांना तर महिनेच लागत नाहीत. मिरग, आर्द्रा, मग पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा पाऊस, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हत्ती. हे बाराखडीत लावलं तर उत्तरा तरण्या पावसाच्याही आधी येते आणि मिरग निघून जातो जवळजवळ तळाला. तेव्हा पेरणी करायची कधी?

एकदाच, आयुष्यात एकदाच, बाराखडीने माझी बाजू घेतली. कामांचा दर्जा लिहायचा होता, म्हणून मी चार शेरे ठेवले: उत्तम, चांगले, बरे, वाईट. टिचकी मारली, तर काय आश्चर्य! उ, च, ब, व. अक्षरांचा क्रम आणि अर्थाचा क्रम तंतोतंत एक! ज्या कुणी हे शब्द पाडले असतील त्याला नोकरीत घ्यायला हवं होतं. मी दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "वाईट हा शब्द फार कडक वाटतो. समाधानकारक आणि असमाधानकारक असे दोन घाला." घातले. स चं समाधानकारक वाईटच्याही खाली जाऊन बसलं आणि अ चं असमाधानकारक उत्तमच्या डोक्यावर. त्या महिन्यात ज्या गावचं काम सगळ्यांत असमाधानकारक होतं ते यादीत पहिलं आलं, आणि कुणीतरी त्यांच्या ग्रामसेवकाला गुलाबाचं फूलही दिलं. फूल परत घेता येत नाही.

गट नंबरांची तर वेगळीच तऱ्हा. नंबर मजकूर म्हणून टंकला असेल तर यंत्र तो अक्षरासारखा वाचतं: १, १०, १००, १०१, ११, मग २. गट नंबर २ चा माणूस रांगेत पहिल्या गटाच्या शेजारी उभा राहायला आला तर त्याला सांगावं लागतं, दादा, मध्ये शंभर माणसं आहेत, मागं व्हा. त्यातून पोटहिश्श्याची तिरपी रेघ. स्प्रेडशीटमध्ये ७/१२ टंकून तर बघा. सेटिंगप्रमाणे त्याची ७ डिसेंबर होते, नाही तर १२ जुलै. मराठवाड्यात ज्या कागदासाठी भाऊ भावाचं तोंड बघत नाही, त्या कागदाला यंत्र तारीख समजतं. कोर्टात तरी वेगळं काय होतं म्हणा, तिथेही सातबाऱ्याची तारीखच होते.

बाराखडी आणि मान यांचा तंटा सोडवायचं काम सरकारने एकाच ठिकाणी मनापासून केलेलं दिसतं, ते मतपत्रिकेवर. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सोय आहे. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणी आहे पण मान्यता नाही अशा पक्षांचे, मग बाकीचे, म्हणजे अपक्ष. आणि या प्रत्येक ढिगात मात्र बाराखडी. ही झाली खरी कस्टम सॉर्ट: आधी पायरी, पायरीवर अक्षर. नावाआधी ॲड., डॉ., प्रा. काहीही लावा, क्रम लावताना ती उपाधी मोजायची नाही. आणि २०१३ पासून "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण सर्वांत तळाला, त्याचं पहिलं अक्षर कुठलंही असो. एका यंत्रावर सोळा नावं मावतात. लोकसभेला आमच्याकडे एका यंत्रात भागत नाही, त्यामुळे तळाच्या त्या बटणापर्यंत पोचायला मतदाराला चांगलं पायी जावं लागतं.

उपाधीचा नियम कुणी केला, त्याला माझा नमस्कार. कारण ॲ हे अक्षर काय प्रकरण आहे, ते मला त्याच आठवड्यात कळलं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या स्वरांची ओळ आधीच भरून गेली होती. ॲ ला २००८ मध्ये जागा मिळाली ती पार ह च्या पुढे, काना-वेलांट्यांच्या पुढे, आकड्यांच्याही पलीकडे. गावठाणात जागा उरली नाही की गायरानात प्लॉट देतात, तसं. नुसत्या त्या नंबरांवर क्रम लावणारं साधन असेल तर ॲड. लावणारे सगळे वकील यादीच्या शेवटी. पण काही जण अ काढून त्यावर चंद्र ठेवतात. दिसायला दोन्ही सारखंच. त्यांना मात्र अ च्या घरात जागा मिळते. म्हणजे एकाच बारमधले, एकाच टेबलावर चहा पिणारे दोन वकील, एक यादीत वर, एक सर्वांच्या खाली, आणि कारण दोघांनाही सांगता येण्यासारखं नाही.

असो. मी कस्टम सॉर्ट शिकलो. आमच्या साधनात पद्धत अशी: नावाच्या शेजारी आकड्यांचा एक रकाना करायचा, बीडपुढे १, पाटोद्यापुढे २, असं अण्णांना विचारत अकरापर्यंत जायचं, आणि साधनाला सांगायचं की नाव दाखव पण क्रम या आकड्यावरून लाव. तो आकड्यांचा रकाना मग लपवून ठेवता येतो. अण्णांना हे फार आवडलं. "म्हणजे कारण आत, क्रम बाहेर. आपल्याकडं पहिल्यापासून असंच आहे." त्या रकान्याला इंग्रजीत काहीतरी नाव होतं. अण्णांनी बदलून "मान" केलं.

फक्त एक अट होती, आणि तीच पुढे मला महागात पडली. एका नावाला एकच आकडा. एकाच नावापुढे दोन वेगळे आकडे दिसले की साधन साफ नकार देतं. राज्याच्या तक्त्यात हे लगेच झालं, कारण शिरूर पुण्यात एक आहे आणि आमच्याकडे एक आहे. त्याला उपाय होता. आमच्या शिरूरला कासार जोडलं, लातूरच्याला अनंतपाळ होतंच, भांडण मिटलं. गावांना असं आडनाव लावता येतं. माणसांना आधीच असतं, तरी मिटत नाही.

कारण त्याच महिन्यात पुतणीचं लग्न निघालं आणि तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्रिकेच्या नावांची यादी माझ्या पुढ्यात टाकली. "तू ते कार्यालयात क्रमाचं काहीतरी करतोस म्हणे. हे लाव."

मराठवाड्यातली लग्नपत्रिका ज्याने लावली त्याला कुठल्याही साधनाचं प्रमाणपत्र लागत नाही. वर कुलदैवतं, त्यांचाही क्रम असतो आणि परळी वैजनाथ आधी की अंबाजोगाईची योगेश्वरी यावर घरात दोन गट असतात. मग कै. मंडळी. मग प्रमुख उपस्थिती: मंत्री, खासदार, आमदार, माजी आमदार, भावी आमदार. मग जिल्हा परिषद, पंचायत समिती, कारखाना, बँक, सोसायटी. मग आशीर्वादाला ह.भ.प. महाराज. मग मामा, मावशा, आत्या, सोयरे, व्याही, शेजारी. मग चिमुकल्यांचं "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!", ज्यात एक नाव नेहमी असं असतं की ते बाळ अजून बारशाचं आहे. आणि तळाला, एकटे, सगळ्यांपेक्षा ठळक अक्षरात, विनीत.

मी मोठ्या उत्साहाने "मान" नावाचा रकाना केला आणि तात्यांना एकेक विचारत गेलो. तासाभराने अडलो. आमचे थोरले मामा हे मुलीचे मोठे आजे, म्हणून नातेवाइकांत पहिले. तेच माजी सभापती, म्हणून मान्यवरांत नववे. तेच सोसायटीचे संचालक, म्हणून तिथे दुसरे.

"तात्या, एका नावाला एकच नंबर पाहिजे."

"मग मामाला कुठला द्यायचा?"

"तुम्हीच सांगा."

तात्या बराच वेळ छताकडे बघत राहिले. "सभापती म्हणून घातलं तर मामी म्हणणार, नातं विसरले. मामा म्हणून घातलं तर मामा म्हणणार, माझं पद विसरले." मग ते म्हणाले, "तीनदा घाल."

तीनदा घातलं. मग त्याच न्यायाने आतेभावाला दोनदा, कारण तो वकीलही आहे आणि आतेभाऊही. दोन व्याह्यांना दोनदा. शेवटी पंच्याऐंशी माणसांची एकशेचार नावं झाली, पण प्रत्येक जण आपापल्या जागी बसला. मी फाईल प्रेसवाल्याला पाठवली आणि पहिल्यांदाच मला वाटलं की या तंत्रज्ञानाचा घराला काहीतरी उपयोग झाला.

प्रेसवाला पोरगा हुशार निघाला, हेच आमचं दुर्दैव. त्याने पाहिलं, नावं दोन-दोन, तीन-तीनदा आलीत. त्याला वाटलं, माझ्या हातून चुकून झालंय. जोडी शोधायला सोपं जावं म्हणून त्याने सगळी यादी एकत्र करून बाराखडीत लावली, जास्तीची उडवली, आणि तशीच छापली. पाचशे प्रती. फोन करून वर सांगितलं, "सर, तुमच्या यादीत एकोणीस नावं डबल होती. मी काढून टाकली. पैसे नको."

गठ्ठा घरी आला. तात्यांनी चष्मा लावला.

सर्वांत वर इंजि. हा आमचा भाचा. अंतिम वर्षाचे दोन विषय राहिलेत. त्याच्या खाली कु. मंडळी, त्यातली एक सव्वा वर्षाची. मग क ला उकार संपून मात्रा आल्यामुळे कै. पणजोबा, कै. आजोबा. त्यांच्या खाली चि., मग डॉ., त्यातले एक गुरांचे. मग प्रा., आणि प्राध्यापकांच्या खाली मा. आमदार. मग गावभरचे श्री. मग सगळ्या सौ., नवऱ्यांपासून तुटून एकत्र. ज्यांनी आशीर्वाद द्यायचा ते ह.भ.प. महाराज जवळजवळ तळाला. आणि विनीतच्याही खाली, जिथे "नजरचुकीने कुणाचे नाव राहून गेले असल्यास हेच आमंत्रण समजावे" असं लिहिलेलं असतं त्याला चिकटून, ॲड. आतेभाऊ.

तात्या काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "पणजोबाला पोरीच्या खाली घातलं व्हय रे?" परत छापायला वेळ नव्हता, आठ दिवसांवर लग्न. मला दरदरून घाम फुटला. शेवटी अण्णांना फोन केला. तीस वर्षांच्या नोकरीत असे प्रसंग त्यांनी ढिगाने निभावलेले. ते म्हणाले, "साहित्यिकांच्या कार्यक्रमाची पत्रिका कधी पाहिलीस का? चाळीस लेखक, सगळे एकमेकांपेक्षा थोर. तिथं खाली एक शब्द बारीक अक्षरात टाकतात, की मग कुणालाच काही बोलता येत नाही. रबरी शिक्का करून घे, शंभर-दीडशे रुपयांत होतो."

शिक्का करून आणला. रात्री दोन वाजेपर्यंत मी, भाऊ आणि दोन विषय राहिलेला इंजिनीअर अशा तिघांनी पाचशे पत्रिकांवर तळाला निळा शिक्का मारला. शिक्केवाल्याने दोन टिंबं गाळली होती, पण शब्द बरोबर होता. नावे अकारविल्हे.

लग्नाच्या दिवशी मी मांडवाच्या दाराशी जीव मुठीत धरून उभा होतो. मामा आले, हसले, आत गेले. आमदारांचा माणूस आला, हात जोडून गेला. आतेभाऊ वकील आला आणि त्याने मिठी मारली. कुणीच काही बोलेना. अण्णांचा शब्द चालला होता. मी जरा सैल होऊन सरबताचा ग्लास उचलला.

तेवढ्यात स्टेजवरून, फेटे बांधायच्या कार्यक्रमात, गावातल्या निवेदकाने माइकवर हाक दिली. त्याच्या हातात आमची पत्रिका होती आणि बोट अगदी तळाच्या निळ्या ओळीवर होतं. "आपल्या पत्रिकेत ज्यांच्या नावाचा खास शिक्का मारलेला आहे, ते आदरणीय नावे अकारविल्हे साहेब मांडवात आले असतील तर त्यांनी कृपया स्टेजवर यावं. पहिला फेटा त्यांचा आहे."

पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी ठेवली होती. मामा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, आणि मागे वळून तात्यांना विचारत होते, "हे कुठले हो पाव्हणे? आपल्यापेक्षा मोठे का?"